आवटी सरांचा हात

माझ्या एका सहीमुळे नसीम बागवानची नोकरी गेली. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढे मी जुन्या आठवणी काढून गोडगोड बोलेन आणि तुम्ही म्हणाल, किती हळवी बाई!

मी उज्ज्वला मगदूम, राहणार मिरज. निवृत्तीला दहा महिने उरले होते तेव्हाची ही गोष्ट. दुर्मिळ रक्तगट नोंदणी केंद्रात काम करायचे. केंद्र पुण्यात आणि मी माझ्या स्वयंपाकघरात, एका बाजूला कुकर आणि दुसऱ्या बाजूला कॉम्प्युटर. मिरजेतली आमची कचेरी २०३३ साली बंद झाली. तेव्हापासून राज्यभर विखुरलेले आम्ही चाळीस जण घरी बसून एकाच सामाईक नोंदवहीत काम करत होतो. कुणाच्या अंगात कुठलं दुर्मिळ रक्त आहे, तो राहतो कुठे, शेवटचं रक्त कधी दिलं, सगळं तिच्यात. रक्त देणाऱ्याचं नाव रुग्णाच्या नातेवाइकांना कळू द्यायचं नाही, हा पहिला नियम. जीव जायची वेळ आली की माणूस दुसऱ्याच्या दारात जाऊन बसतो, पाया पडतो, धमक्याही देतो.

मग असल्या नोंदवहीचं दार घरच्या घरी उघडायचं तरी कसं? पासवर्ड केव्हाच कामातून गेले होते. अंगठ्याचा ठसा, चेहरा, आवाज यांच्याही हुबेहूब नकला व्हायला लागल्या होत्या. एकदा माझ्याच आवाजात आमच्या ह्यांना फोन आला, बँकेचा नंबर विचारायला. ह्यांनी सांगितला की! वर मलाच म्हणाले, "आवाज किती गोड होता, तेव्हाच शंका यायला हवी होती."

तेव्हा शास्त्रज्ञांनी वेगळा विचार केला. माणसाजवळ जे असतं ते चोरता येतं, पण तो एखादी गोष्ट कशी करतो ते चोरणं अवघड. आपण टाइप करतो तेव्हा प्रत्येक बटण किती वेळ दाबून धरतो, ते सोडून पुढच्यावर जायला किती वेळ घेतो, हे सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजता येतं. मेंदूचा हुकूम बोटापर्यंत पोचायचा वेळ, बोटांची लांबी, पहिल्यांदा शिकताना लागलेली सवय, सगळं त्यात उतरतं. याला नाव दिलं 'हातचाल'. आपला कर्मचारी क्रमांक टाकायचा आणि खालच्या रिकाम्या चौकोनात मनाला येईल त्या तीन ओळी लिहायच्या. काय लिहिलं याच्याशी यंत्राला देणंघेणं नाही, कसं लिहिलं तेवढं ते बघतं. शंभरात नव्वदाच्या वर जुळलं की दार उघडलं. मी रोज आमच्या ह्यांच्याबद्दल तीन ओळी लिहायचे. जरा मन मोकळं व्हायचं.

सात वर्षांपूर्वी एका दुपारी तीन वाजता माझ्या क्रमांकावरून कुणीतरी आत शिरलं आणि एका रक्तदात्याचं नाव-पत्ता बघून गेलं. संध्याकाळी रुग्णाचे नातेवाईक त्या गृहस्थाच्या दारात हजर! त्याने रक्त दिलं, पण त्याच्या घरच्यांनी केंद्राकडे तक्रार केली. नाव कुठून कळलं असं विचारलं तर रुग्णाचे नातेवाईक एवढंच म्हणाले, केंद्रातूनच. शपथेवर सांगते, त्या वेळी मी पंखा लावून झोपले होते. केंद्राने चाळीसही जणांचे हात ताडून बघितले. माझा हात शंभरात त्र्याण्णव जुळला, नसीमचा एक्क्याण्णव. बाकी कुणी तिसाच्या वर नाही. म्हणजे आम्हा दोघींतली एक. मी नव्हते, हे मला माहीत होतं. मग उरलं कोण?

चौकशी अधिकाऱ्याने विचारलं, "नसीमबाईंना तुमचा हात वठवता येईल असं तुम्हाला वाटतं?"

मी म्हटलं, "येईल की. टायपिंग क्लासपासून आम्ही शेजारी बसतोय. माझी नक्कल करताना मी स्वतः बघितलंय तिला."

शेजारी बसायचो हे खरं. नक्कल केली होती हेही खरं, पण माझ्या चालण्याची, पदर सावरत जिना उतरायची. हाताची नव्हे. हे मला तेव्हाही पक्कं माहीत होतं. पण मी घाबरले होते, आणि मैत्रिणीने आपला गळा कापला असं वाटून संतापलेही होते. माझी जबानी टाइप होऊन आली, मी सही केली. नसीमला काढलं. चोर तो चोर वर शिरजोर म्हणतात, ही तर शिरजोरीसुद्धा करेना. एक शब्द बोलली नाही. मी म्हटलं, बघा, गुन्हा कबूल आहे म्हणूनच गप्प. तेहतीस वर्षांची मैत्री त्या दिवशी संपली.

यंदाच्या फेब्रुवारीत आवटी सरांच्या मुलीचा, गौरीचा निरोप आला. सर जाऊन वर्ष होत आलं होतं. क्लासची जागा मोकळी करायची होती. टाइपरायटर एका संग्रहालयाला द्यायचे ठरले होते. त्याआधी रविवारी सकाळी सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांनी या, एकदा शेवटचं टाइप करा, चहा घ्या, असं तिने कळवलं होतं.

मी गेले. जिना चढताना गुडघे कुरकुरत होते, पण शाईच्या फितीचा वास आला आणि मी अठरा वर्षांची झाले. २००३ साल. सकाळी सातची बॅच. दारातच खुंटी होती, तिच्यावर बांगड्या काढून अडकवायच्या, कारण बांगड्यांच्या आवाजात सरांना ठेका ऐकू यायचा नाही. खिडकीजवळचं मशीन माझं, शेजारचं नसीमचं. आमच्या दोघींत मिळून एकच खोडरबर. ती घरून डब्यात खजूर आणायची आणि मी चुकले की एक खजूर कमी. सर लाकडी पट्टी टेबलावर आपटत फिरायचे. "टक टक टक, थांब, टक. पळू नका. मशीन काय तुमच्या सासरचं आहे?" असं म्हणायचे, आणि पोरी तोंडाला रुमाल लावून हसायच्या. तो 'थांब' सगळ्यांच्या हातात बसला होता. परीक्षेत मिनिटाला तीस शब्द पुरे असायचे, आम्ही पस्तिशी गाठायचो. किती बरं वाटायचं हो! एखादी गोष्ट आपल्या बोटांना येते, याचा तो पहिला आनंद होता. मी आणि नसीम पास झालो तेव्हा स्टेशनपर्यंत विनाकारण चालत गेलो होतो आणि परत आलो होतो.

रविवारी तीस-पस्तीस जण जमले होते. नसीम नव्हती. मी येणार हे तिला कळलं असावं.

चहा झाला आणि एक जाडसर गृहस्थ माझ्यापाशी आले. दूध संघात कारकून, सुकुमार चौगुले. आमच्यानंतरच्या बॅचचे. हात जोडून म्हणाले, "मगदूम मॅडम तुम्हीच ना? रक्तकेंद्रातल्या? तुमचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही."

"कसले उपकार?"

"अहो, माझी धाकटी बहीण! सात वर्षं झाली. बाळंतपणात अंगातलं रक्त गेलं, रक्तगट हा असला दुर्मिळ. दवाखान्याने दिलेल्या पत्रावर तुमचं नाव आणि कर्मचारी क्रमांक होता. मी संघातल्या कॉम्प्युटरवर तुमच्या केंद्राचं पान उघडलं, तुमचा क्रमांक टाकला. खाली रिकामा चौकोन आला. म्हटलं, अर्ज करायचा असणार."

"अर्ज?"

"मग! 'महोदया, सविनय विनंती अर्ज करतो की, माझी बहीण अत्यवस्थ असून तिला दोन लहान मुले आहेत, तरी आपण कृपावंत होऊन...' तीन-चार ओळी लिहिल्या आणि काय सांगू मॅडम, दार उघडलं! जवळच्या रक्तदात्याचं नाव, पत्ता, सगळं समोर. मला वाटलं, तुम्ही तिकडे बसून अर्ज वाचलात आणि तुम्हाला दया आली. बहीण वाचली. घरी तुमच्या नावाने दिवा लावला आम्ही."

मी कप खाली ठेवला. उभा जन्म कचेऱ्यांना अर्ज करण्यात गेलेला माणूस. रिकामा चौकोन दिसला की तो दुसरं काय लिहिणार? आणि यंत्राने त्याला उज्ज्वला मगदूम समजून आत घेतलं होतं.

मी म्हटलं, "सुकुमारभाऊ, जरा बसा या मशीनवर. काहीही टाइप करा."

ते बसले. मी त्यांच्या उजव्या हाताकडे टक लावून बघत राहिले. उजव्या टोकाचं बटण आलं की करंगळी वर राहायची आणि शेजारचं बोट सरकत जाऊन ते बटण मारायचं. सरकायला जो क्षण लागायचा, तोच तो 'थांब'. मी पलीकडच्या मशीनवरच्या बाईकडे बघितलं. तिचंही तेच. त्यापलीकडच्या निवृत्त तलाठ्याचंही तेच. मग स्वतःच्या हाताकडे बघितलं.

अगं आई गं! आवटी सरांना उजव्या हाताची करंगळी नव्हती. तरुणपणी छापखान्यात कागद कापायच्या यंत्रात गेली होती. आम्ही तो हात रोज बघत होतो, तरी कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. सरांनी आम्हाला नऊ बोटांचं टायपिंग शिकवलं होतं आणि आम्हाला वाटत होतं, जगात असंच शिकवतात. परीक्षेत कागद तपासायचे, बोटं कोण बघतंय?

आता यंत्राची बाजूही समजून घ्या. त्याला शिकवताना लाखो लोकांचे हात दाखवले होते, सगळे दहा बोटांचे. त्यात हा करंगळी उचलून थांबायचा हात लाखात एखाद्याचा. जी खूण दुर्मिळ, ती यंत्राला मोलाची. त्यामुळे एवढी एक खूण जुळली की ते बाकीच्या बारीकसारीक फरकांकडे काणाडोळा करायचं. लाखात एक ही गणना बरोबरच होती, पण सगळे एकाच गावात जमले असतील हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सरांनी तीस वर्षांत दोन हजारांवर पोरं शिकवली. मिरजेत आणि आसपास माझ्या नोंदवहीचं दार उघडू शकणारी दोन हजार माणसं हिंडत होती. केंद्रात मात्र त्या क्लासच्या आम्ही दोघीच.

म्हणजे नसीमने काही केलं नव्हतं. मीही नव्हतं. पण मी मात्र सही करून बसले होते.

तीन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "दहा महिने राहिलेत. कशाला नसती आफत ओढवून घेतेस? खोटी जबानी दिली म्हणून उद्या तुलाच काढतील. झाकली मूठ ठेव."

"आणि नसीम?"

"सात वर्षं झाली. विसरली असेल ती."

त्यांचंही चूक नव्हतं, ते माझ्या भल्याचंच बोलत होते. पण बुधवारी दुपारी मी लॅपटॉप पिशवीत घातला आणि दर्ग्यामागच्या गल्लीत नसीमच्या दारात जाऊन उभी राहिले.

ती जमिनीवर बसून तंबोऱ्यावर चढवायची कापडी गवसणी शिवत होती. नोकरी गेल्यापासून ती वाद्यांच्या कारखानदारांना गवसण्या शिवून देते, हे मी ऐकून होते. केस पांढरे झाले होते. तिने मान वर केली. मग म्हणाली, "चप्पल बाहेर काढ. कापडाला धूळ लागते."

मी उंबऱ्याच्या आत बसले आणि घडाघडा सगळं सांगितलं. सुकुमारचा अर्ज, सरांची करंगळी, दोन हजार माणसं. आणि शेवटी जबानीचं. तिला काढलं ते माझ्या कुठल्या वाक्यावर, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

तिने सुई कापडात खोचून ठेवली. "म्हणजे ती तू नव्हतीस?"

"काय मी नव्हते?"

"जिने ते नाव बघितलं ती. त्या बाळंतिणीसाठी."

मला कळेना ती काय म्हणतेय.

ती म्हणाली, "मला सांगितलं, दोघींतली एक आहे. मी नव्हते, हे मला ठाऊक. मग तूच असणार. मी म्हटलं, उज्ज्वलाचा स्वभावच असा. कुणी रडलं की ही विरघळते. त्या पोरीचा जीव जात होता, हिने दया केली असणार आणि आता घाबरली असणार. मला विचारलं, मगदूमबाईंवर संशय आहे का. मी म्हटलं, नाही. तुझ्या घरात तेव्हा कमावणारी तू एकटी होतीस. माझं काय, हे होते, बाग होती. म्हणून मी गप्प बसले."

मला तोंड लपवायला जागा उरली नाही. यंत्राने दोघींना एकच गोष्ट सांगितली होती. तिने ती ऐकून मला दयाळू ठरवलं आणि मी तिला चोर ठरवलं. तिकडे सुकुमार माझ्या नावाने दिवे लावत होता, इकडे ही माझ्यासाठी सात वर्षं गवसण्या शिवत होती. आणि मी त्या काळात दर ईदला तिच्या घरावरून न जाता लांबच्या रस्त्याने बाजाराला जात होते.

"मला मार तरी," मी म्हटलं.

"मारून काय होतंय? ते काय आणलंयस पिशवीतून?"

मी लॅपटॉप काढला. केंद्राला खरी हकीकत तिच्यासमोर बसून लिहायची, म्हणजे पुन्हा पाय मागे येणार नाही, असं ठरवून आले होते. क्रमांक टाकला, तीन ओळी लिहिल्या. हात इतके थरथरत होते की यंत्र म्हणालं, ओळख पटत नाही. पुन्हा लिहिल्या. पटत नाही. तिसरी आणि शेवटची संधी उरली.

नसीमला हसू फुटलं. "घ्या! खरं बोलायला आली तर हिला कुणी ओळखेना."

"तू लिही," मी म्हटलं. "तुझ्या हाताने उघडेल."

तिचं हसू मावळलं. "ज्याच्यासाठी मला काढलं, ते आता करू? नाही उज्ज्वले. तुझ्या नावाने मी तेव्हा आत गेले नाही, आताही जाणार नाही. सांगायचंच असलं तर चल पुण्याला. तोंडाने सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने दोघी निघालो. सुकुमारभाऊंनी आपली हकीकत दोन पानी अर्जात लिहून दिली होती, अर्जाला त्यांना कधी कंटाळा नसतो. कराड गेल्यावर तिने पिशवीतून डबा काढला आणि खजूर पुढे केले. मी दोन घेतले.

केंद्रात रणदिवे मॅडम नावाच्या नव्या अधिकारी होत्या. त्यांनी सगळं ऐकलं, अर्ज वाचला, पण चेहऱ्यावर विश्वास दिसेना. शेवटी त्यांनी आपल्यासमोर नसीमला कॉम्प्युटरवर बसवलं आणि माझा क्रमांक स्वतः टाकला. "लिहा तीन ओळी. मी सांगतेय म्हणून लिहा."

नसीमने बाह्या सावरल्या आणि लिहिलं. पडद्यावर अक्षरं उमटली: नमस्कार, उज्ज्वला मगदूम.

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. राज्यातली किती तरी सरकारी खाती या हातचालीवर विसंबून होती. मग त्या माझ्याकडे वळल्या. "मग नसीमबाईंनी तुमच्या हाताची नक्कल केलेली तुम्ही बघितलीत, असं जे लिहून दिलंत, ते?"

"खोटं होतं."

"चुकून?"

इथे हो म्हणता आलं असतं. मॅडमनीच वाट काढून दिली होती. मी म्हटलं, "नाही. माहीत असून."

"मग आजपासून तुमचं काम थांबवावं लागेल. पुढची कारवाई वरून होईल."

"होय."

त्यांनी ते लिहून घेतलं. मग नसीमकडे बघून त्यांचा आवाज जरा मऊ झाला. "बागवानबाई, तुमच्या नावावरचा ठपका आजच्या तारखेने काढते. लेखी पत्र मिळेल. केंद्रातर्फे मी तुमची माफी मागते. आणि यांच्याविरुद्ध तुमची काही तक्रार असेल तर तीही आत्ता नोंदवू शकता. तो तुमचा हक्क आहे."

मला वाटलं, नाही म्हणेल. तिचा स्वभाव मला माहीत होता, असं मी सात वर्षांनीही धरून चालले होते.

"आहे तक्रार," नसीम म्हणाली.

मॅडमनी बोटं कीबोर्डवर ठेवली. मी मान खाली घातली.

"लिहा. नोकरी गेली त्याचं काही नाही म्हणावं. पण एवढी जवळची मैत्रीण, एका गावात राहून, सात वर्षांत एकदा दारात येऊन विचारलं नाही, की नसीम, खरंच तू केलंस का गं?"

मॅडमची बोटं तशीच थांबली. मी त्या परक्या कचेरीत, चार अनोळखी माणसांसमोर, हुंदके देऊन रडायला लागले, आणि नसीम शेजारच्या खुर्चीत ताठ बसून माझं रडणं संपायची वाट बघत राहिली.